ठेवणीतले बूट

रत्नाकर गुळवणीला सुरक्षेतलं सगळं कळतं, असं एका माणसाचं ठाम मत होतं आणि तो माणूस म्हणजे स्वतः रत्नाकर गुळवणी. मूळचा इस्लामपूरचा. डिप्लोमा करून पुण्यात चिकटला, आणि कंपनीने चेन्नईजवळ नवा कारखाना काढला तेव्हा "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे" असं आईला सांगून बायकोसकट इकडे आला, तो इथलाच झाला. इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या त्या कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होता. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पायांकडे बघत हिंडायचं. कुणी चप्पल घालून मशीनपाशी दिसला की रत्नाकर आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याची हजेरी घ्यायचा. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘सेरुप्पु सार’. सेरुप्पु म्हणजे चप्पल, हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर ती काहीतरी आदराची पदवी आहे असं समजून तो मान लववत असे.

दोन हजार चार साली तो आणि त्याची बायको जयवंती बेसंट नगरात भाड्याने राहत होते. जयवंती एका शाळेत गणित शिकवायची. तिचं बोलणं थोडं, पण उत्तर नेहमी बरोबर. रविवारी सकाळी दोघं समुद्रावर फिरायला जायची. रत्नाकर चपला वाळूत एका बाजूला काढून ठेवायचा आणि पाण्याच्या कडेकडेने अनवाणी चालायचा. त्याने तळपायाचं रक्त खेळतं राहतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. जयवंती चपला काढत नसे. "वाळूत काय काय पडलेलं असतं," एवढंच ती म्हणायची.

त्या डिसेंबरातल्या रविवारी समुद्र वर आला. आधी कुणाला काही समजलंच नाही. मग कोळी माणसं ओरडत रस्त्याच्या दिशेने धावायला लागली आणि त्यांच्यामागे सगळे. रत्नाकरही धावला. नवऱ्याने बायकोचा हात धरून तिला बाहेर काढलं, अशी गोष्ट पुढे सांगायला त्याला फार आवडलं असतं. पण त्याने मान वर करून पाहिलं तेव्हा जयवंती त्याच्या पुष्कळ पुढे होती आणि मागे वळून "चला, चला!" म्हणत होती. रस्त्याला लागता लागता फुटक्या बाटलीची काच त्याच्या उजव्या तळपायात घुसली. उरलेलं अंतर सेफ्टी ऑफिसर लंगडी घालत गेले.

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं गेली. दोघं घरी येऊन दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिली. त्या दुःखापुढे आपल्या पायाचे टाके म्हणजे काहीच नाहीत, हे रत्नाकरला कळत होतं आणि म्हणून त्याने ते कुणापुढे काढले नाहीत. पण लंगडणं कसं लपवणार? कारखान्यात त्याचे साहेब नारायणस्वामी यांनी त्याला थांबवून चौकशी केली.

"गुळवणी, त्या वेळी पायात काय होतं?"

"काही नव्हतं, सर."

"काहीच नव्हतं," साहेब म्हणाले आणि मान हलवत निघून गेले. रागावले असते तरी परवडलं असतं.

पायाची जखम भरली, ही काही भरेना. पुन्हा अशी वेळ आली तर आपल्या पायात काहीतरी असेल, आणि ते साधंसुधं नसेल, असं रत्नाकरने ठरवून टाकलं. संकटात घालायला जगातलं सर्वोत्तम पादत्राण कोणतं, याचा शोध सुरू झाला.

तो सगळा जानेवारी जयवंती शाळेचे पेपर तपासत बसलेली आणि रत्नाकर तिच्यासमोर बादलीत पाय घालून उभा, असा गेला. आधी गमबूट आणले. पाण्यासाठी उत्तम, पण पाणी बुटाच्या काठावरून आत शिरलं की त्याचीच बादली होते आणि पाय उचलता उचलत नाही, हे त्याने बाथरूममध्ये सिद्ध करून दाखवलं. ते दाखवताना टॉवेलचा दांडा उपटून हातात आला, हा भाग वेगळा. मग धावायचे बूट. हलके, चपळ, पण तळव्यात खिळा सहज घुसतो. हाही प्रयोग त्याने केला आणि नव्या बुटाला भोक पाडून घेतलं. रबरी चप्पल चिखलात रुतते आणि पाय एकटाच पुढे जातो. चामडं भिजलं की जड होतं आणि वाळलं की कडक.

"म्हणजे राहिलं काय?" जयवंतीने लाल पेन न उचलता विचारलं.

"तेच तर शोधतोय."

"देवाने दिलेले पाय तेवढे राहिलेत. त्यांवरही प्रयोग झालाय तुमचा."

एका शनिवारी तो तिला घेऊन टी. नगरला गेला. एका मोठ्या दुकानात सेल्समनने मोठ्या अगत्याने विचारलं, "लग्नाला का, सार?"

"नाही. संकटाला."

सेल्समनला वाटलं, आपल्याला इंग्रजी नीट समजलं नाही. त्याने काळे चकचकीत बूट काढले. रत्नाकरने ते घातले, दुकानातल्या स्टुलावर चढला आणि खाली उडी मारली. मग दुसरा जोड घालून पुन्हा चढला. साड्यांच्या पिशव्या घेऊन मुलांना चपला घ्यायला आलेल्या बायका आपलं काम सोडून बघत राहिल्या. तिसऱ्या उडीनंतर त्याने बायकोचं मत विचारायला वळून पाहिलं, तर जयवंती दुकानात नव्हती. समोरच्या फुलवालीकडे ती पाठमोरी उभी राहून, एरवी कधी न माळलेला अबोलीचा गजरा फार लक्ष देऊन निवडत होती.

त्या दिवशी खरेदी झाली ती तिचीच. रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत एका हातगाडीवरून तिने प्लॅस्टिकचे हिरवे सँडल घेतले. मागे पट्टा, बाजूला बक्कल. पावसात शाळेत जायला बरे, म्हणाली. रत्नाकरने तळवा वाकवून पाहिला, नाक मुरडलं आणि "हे आपत्तीत टिकायचं नाही," असा शेरा दिला.

अखेर पेरियमेटला, चामड्याच्या घाऊक बाजारात, त्याला मनासारखे बूट सापडले. तपकिरी, घोट्याच्या वरपर्यंत, पुढे पोलादी टोपी, तळव्यात खिळा अडवणारी पोलादी पट्टी आणि खाली जाडजूड, तरी वजनाला हलका, मऊसर तळ. "बाहेर जाणारा माल, सार. जर्मनी," दुकानदार म्हणाला. घरी येऊन रत्नाकरने ते घालून हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी कोण काय हलवतंय म्हणून वर येऊन विचारलं.

"हे घालून तुम्ही पळणार?" जयवंती म्हणाली.

"यात पळायचं नसतं. यात टिकून राहायचं असतं."

"बरं."

आपल्या निवडीवर तो इतका खूश झाला, की कारखान्याच्या अग्निशमन पथकासाठी नवे बूट घ्यायचे होते, तिथेही त्याने ह्याच जातीच्या बुटांची शिफारस केली आणि ती मंजूरही झाली. घरचा जोड मात्र त्याने नंतर एकदाही घातला नाही. रोजच्या वापराने तळ झिजतो, आणि झिजलेला तळ ऐन वेळी दगा देतो. म्हणून त्याने ते कागदात गुंडाळले, वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि दाराजवळच्या कप्प्यात ठेवून दिले. तिथे दुसरं काही ठेवायला कुणाला परवानगी नव्हती. जयवंतीचं मंगळसूत्रही या घरात इतकं जपलं गेलं नव्हतं.

त्याच वर्षाच्या शेवटी पावसाने चेन्नई बुडाली आणि त्यात वेलचेरी सगळ्यात जास्त बुडाली. बेसंट नगरातल्या त्यांच्या गल्लीत मात्र घोट्याएवढंही पाणी आलं नाही. बूट कप्प्यातच राहिले. रत्नाकरला याचं किंचित वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं त्याहून जास्त वाईट वाटलं.

दोन हजार सहामध्ये त्याने फ्लॅट घेतला, तो वेलचेरीतच. सुरक्षेत मुरलेल्या माणसाने गेल्याच साली पाण्याखाली गेलेल्या वस्तीत घर का घ्यावं? त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. पहिलं, आपला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. दुसरं, असा पूर काय दरवर्षी येतो? तिसरं उत्तर त्याने बोलून दाखवलं नाही, पण पहिली दोन देताना नजर दाराजवळच्या कप्प्याकडे गेलीच.

खालच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारं जोडपं राहत होतं, हंबीरराव आणि राजसबाई. हंबीरराव बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरचे. मराठी नावाची पाटी वाचून रत्नाकर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे गेला. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळ शब्द पेरलेली आणि सूर तर अगदी तमिळ. रत्नाकरला ती पहिल्यांदा निम्मीच कळली.

"सांगलीच्या बाजूचा का तूं? मग अम्च मनुष्यच की रे!" हंबीरराव म्हणाले. "अम्ही तीनशें वर्षांमागं तिकडून निघून आलों. तूं आत्तां येतोस. फार लेट!"

राजसबाईंनी फिल्टर कॉफी दिली. त्या साखरेच्या आजाराने बेजार असत. रोज इन्सुलिन टोचून घ्यायला लागायचं. पण बाईंचा स्वभाव असा, की सुईबद्दल तक्रार नाही, बिनसाखरेच्या कॉफीबद्दल मात्र दिवसभर. रत्नाकर त्यांना काका-काकू म्हणायला लागला. घरी कधी आमटी केली की जयवंती वाटीभर खाली पाठवायची आणि ती वाटी परत येताना तिच्यात सांबार असायचं. त्या सांबारालाही हंबीरराव आपलं, तंजावरच्या मराठ्यांचं म्हणायचे.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात वादळ आलं आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. कारखान्याची बस आली नाही, शाळेला सुट्टी पडली. सकाळी रत्नाकर खाली पाहायला गेला तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाणी. त्याने पहिलं काम केलं ते तळमजल्याचे मेन स्विच बंद करण्याचं. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं, कारण यापुढे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही.

काका-काकूंना वर आणेपर्यंत त्यांच्या घरात गुडघ्याएवढं पाणी चढलं होतं. राजसबाई वर येऊन सोफ्यावर टेकल्या, पदराने पाय पुसले आणि एकदम म्हणाल्या, "अय्यो! मरुंदु खालींच राहिलं."

मरुंदु म्हणजे औषध. इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये होती. हंबीरराव आणि रत्नाकर पुन्हा खाली गेले, तर फ्रिज तरंगून आडवा झालेला, आणि पडला होता तो नेमका आपल्याच दारावर. दोघांनी जोर लावला. फ्रिज जरा उचलला गेला, भसकन आणखी पाणी प्यायला आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसला.

हंबीररावांनी मोठ्या रस्त्यावरच्या औषधवाल्याला फोन लावला. त्याचं दुकान उंच जोत्यावर होतं. दुकान उघडं आहे, इन्सुलिन आहे, पण पोचवायला माणूस नाही, असं तो म्हणाला. रस्ता तसा दहा मिनिटांचा. पण आता त्यावर मांडीएवढं पाणी आणि खाली गटारांची झाकणं कुठे आहेत आणि कुठे नाहीत, कुणालाच माहीत नाही.

"मी जातो," रत्नाकर म्हणाला.

"नको रे," हंबीरराव म्हणाले. "पायांत कांच लागेल."

हे वाक्य ऐकायला रत्नाकरचे कान चार वर्षं आतुरले होते. तो शांतपणे कप्प्याकडे गेला. पिशवी सोडली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. बूट जसे ठेवले तसेच होते. कोरे करकरीत, एक ओरखडा नाही. त्याने खुर्चीत बसून नाड्या आवळल्या, दुहेरी गाठ मारली आणि उभा राहिला. राजसबाई कौतुकाने म्हणाल्या, "मिलिटरीवाल्यांसारखं दिसतंय." जयवंतीला तो तळ किंचित पिवळा पडल्यासारखा वाटला होता, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिने तोंड मिटून घेतलं.

पाण्यात उतरल्यावर पहिली शंभरेक पावलं फार छान गेली. खालची खडी लागत नव्हती. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती आणि एकटा रत्नाकर रस्त्याच्या मधोमध चालला होता. एका गृहस्थांनी वरून "सूपर, सार!" असं म्हटलं. रत्नाकरने हात वर केला.

मग पायाखाली काहीतरी मऊ लागायला लागलं. पावाच्या लादीवर चालल्यासारखं. चिखल असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याच्या डाव्या अंगाला पाण्यावर एक पिवळट तुकडा तरंगत आला. थर्मोकोल दिसतोय, तो मनाशी म्हणाला. तुकडा गोल फिरला आणि त्यावर टाचेची नक्षी दिसली. नक्षी ओळखीची होती. पेरियमेटला तिच्यावरून त्याने प्रेमाने बोट फिरवलं होतं.

उजवी टाच गेली, मग उजवा पुढचा भाग, मग डाव्याने सगळा तळ एकदमच सोडला. चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखे त्याचे तुकडे झाले आणि एकेक करून वर येऊन रत्नाकरच्या भोवती तरंगायला लागले. खाली राहिली ती नुसती गुळगुळीत पट्टी. तिच्यावर पाऊल टाकलं तर पाऊल तिसरीकडेच. दुसऱ्या पावलाला सेफ्टी ऑफिसर सरळ पाण्यात बसले, छातीपर्यंत. उठून त्याने एका बंगल्याच्या फाटकाला मिठी मारली आणि तसाच उभा राहिला. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. बूट काढावेत, तर खाली काच. न काढावेत, तर पाय ठरत नाहीत. गॅलऱ्यांतून आता कुणीही सूपर म्हणत नव्हतं. कुणी हसतही नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

थोड्या वेळाने पाण्यातून जयवंती येताना दिसली. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात मागच्या पट्ट्याचे हिरवे प्लॅस्टिकचे सँडल, हातात जळमटं काढायची लांब काठी. काठी पुढे टेकवून तळ लागतो का बघायची, मग पाऊल टाकायचं. एका ठिकाणी काठी सरकन खोल गेली. तिने ती काढून घेतली, वळसा घातला आणि पुन्हा रस्त्याला लागली. तिच्या गळ्यात नाड्या एकमेकींना बांधून अडकवलेले रत्नाकरचे कॅनव्हासचे बूट होते. जुने, अंगठ्याजवळ फाटलेले. रोज सकाळी तो त्यांत फिरायला जायचा.

"हे घाला," ती म्हणाली.

"यांच्यात पाणी शिरेल."

"शिरेल आणि निघूनही जाईल. बसा त्या भिंतीवर."

सगळ्या रस्त्यासमोर कंपाउंडच्या भिंतीवर बसून रत्नाकरने जर्मनीला जाणारा माल पायातून उपसून काढला. एकेका बुटातून कळशीभर पाणी पडलं. "पाण्यात टाकू नका," जयवंती म्हणाली, "त्या पट्ट्या कुणाच्यातरी पायाला लागतील." म्हणून त्याने ते फाटकाच्या टोकांवर एकेक अडकवले. लिंबू-मिरची टांगतात तसे.

मग दोघं निघाली. पुढे काठी, तिच्यामागे जयवंती, तिच्यामागे तिचा खांदा धरून रत्नाकर. कॅनव्हासच्या बुटांना खडी लागत होती, पण बूट पायाला धरून होते, आणि पाय त्यांना ओळखत होते. औषधवाल्याने बाटली बर्फाच्या तुकड्यांसह पिशवीत बांधून दिली. परत येताना फाटकापाशी रत्नाकरने मान दुसरीकडे वळवली. जयवंतीने मात्र थांबून बुटांकडे नीट पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले. पाऊस आहे म्हणून काकडली असेल, असं त्याला वाटलं. ती हसत होती. इतकी, की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. मग तोही हसायला लागला आणि मांडीएवढ्या पाण्यात दोघं एकमेकांना धरून हसत उभी राहिली, ती वरून कुणीतरी काळजीने "काय झालं, सार?" असं विचारेपर्यंत.

राजसबाईंना वेळेवर इंजेक्शन मिळालं. काका-काकू चार-पाच दिवस वरच राहिले. हंबीररावांनी सगळी हकिगत दोनदा ऐकली आणि म्हणाले, "सरी, बरं तर, तुझं बूट मोडलं, माणूस मोडलं नाहीं. अजून काय पायजे?"

पाणी ओसरल्यावर रत्नाकरने बूट पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्या प्रकारचा तळ दमट हवेत आपोआप कुजतो. घातला की दाब पडतो, हवा खेळते, त्यामुळे तो जास्त टिकतो. नुसता ठेवून दिला, त्यातही प्लॅस्टिकमध्ये बांधून, तर चेन्नईच्या हवेत तीन-चार वर्षांत संपलाच. "तुम्ही बांधून ठेवला नव्हता ना, सार?" त्याने विचारलं. रत्नाकरने विषय बदलला.

पण फोन ठेवता ठेवता त्याला दुसरे बूट आठवले. कारखान्यातल्या एका लाल कपाटात अग्निशमन पथकाचे बूट होते. हीच जात, हेच साल, शिफारस ह्याच माणसाची. आग कधी लागली नव्हती, त्यामुळे ते कुणी घातलेही नव्हते. दर महिन्याला तो कपाटाची काच तेवढी पुसून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून तो थेट कपाटाकडे गेला. एक बूट काढला आणि तळावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. दुसरा काढला. त्याची टाच हातात आली.

आता नारायणस्वामी साहेबांकडे जाणं भाग होतं. ‘तपासणीत दोष आढळला’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे कसं सुचलं?" रत्नाकरने सगळं सांगितलं. डांबराच्या गोळ्या, सूपर सार, तरंगणारी टाच, फाटकाला मारलेली मिठी. साहेबांनी हसू दाबण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसत हसले. नंतर चष्मा पुन्हा लावला.

"गुळवणी," साहेब म्हणाले, "पोरं हे घालून आगीत गेली असती."

"हो, सर."

"काय करायचं म्हणता?"

"रबरी तळाचे नवे घ्यायचे. आणि कपाटात ठेवायचे नाहीत. पथकाने आठवड्यातून एक दिवस तेच घालून काम करायचं. झिजले तर झिजू देत. झिजलेले दिसतात तरी."

तसंच ठरलं. नव्या भरतीच्या लोकांना सुरक्षेचं व्याख्यान देताना रत्नाकर आता सुरुवातच आपल्या बुटांपासून करतो. तमिळ अजून मोडकंच आहे, त्यामुळे लोक कधीकधी भलत्याच ठिकाणी हसतात, पण शेवटपर्यंत जागे राहतात. पूर्वी असं होत नसे. कामगारांनी नाव मात्र तेच ठेवलंय. आता अर्थ कळत असूनही तो मान लववतो.

राजसबाईंच्या चपला पुरात वाहून गेल्या होत्या. पोंगलच्या आधी जयवंती त्यांना घेऊन टी. नगरला निघाली, आणि पिशव्या धरायला रत्नाकरलाही न्यावं लागलं. दुकानात त्याने साखरेच्या आजारात पाय कसे जपावेत, पुढून बंद आणि आतून मऊ चप्पल कशी घ्यावी, यावर बोलायला सुरुवात केली. बोलणं शास्त्रशुद्ध होतं आणि चुकीचं तर मुळीच नव्हतं. राजसबाई भक्तिभावाने मान डोलवत ऐकत होत्या. ऐकता ऐकताच त्यांनी समोरच्या फळीवरच्या सोनेरी पट्ट्याच्या, मोती लावलेल्या चपलांकडे बोट दाखवलं.

"तें काढ रे," त्या सेल्समनला म्हणाल्या.

"काकू, त्या पायाला लागतील," रत्नाकर म्हणाला.

"घरांत तूं म्हणतोस तें घालेन. हें कल्याणाला." कल्याण म्हणजे लग्न. पुतणीचं लग्न पोंगलपासून सुरू होणाऱ्या थै महिन्यात होतं.

रत्नाकरने जयवंतीकडे पाहिलं. ती फळीवरच्या किमती वाचत होती, त्याची बाजू घेण्याचं तिचं काही लक्षण दिसेना. मग त्याने दोन्ही जोड बांधायला सांगितले, मऊ बंद चपला आणि मोत्यांच्याही. सेल्समन खोक्यात घालायला लागला तेव्हा मोत्यांचा जोड त्याच्या हातातून घेऊन रत्नाकरने तळावर अंगठा जोरात दाबून पाहिला. सेल्समन बघत राहिला. राजसबाईंनी रत्नाकरच्या हातावर हलकेच चापट मारली आणि चपला काढून घेतल्या.

"मोडशील, नको," त्या म्हणाल्या, आणि तिथेच पायात घालून आरशाकडे गेल्या.